गांजाचा क्लब म्हणजे नेमकं काय? दुकान नव्हे, सभासदांची सावड

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा जर्मनीत शिकतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. आवाज अगदी खाली गेलेला. “दादा, तिकडे गांजाचे क्लब निघालेत म्हणे, सरकारी परवान्याचे. हा म्हणतो, वर्गातली दोन पोरं सभासद आहेत. सभासद! जिमखान्याचं असावं तसं. हे खरं आहे का रे?”

खरं आहे. पण ‘गांजाचा क्लब’ म्हटल्यावर धुराने भरलेली खोली आणि मोठ्याने वाजणारी गाणी डोळ्यांसमोर येतात, आणि जर्मनीतला क्लब तसा मुळीच नाही. तिथे आत बसून ओढायला मनाई आहे. बहिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मग जातात कशाला?” प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर द्यायला मला पाऊण तास लागला. तेच इथे नीट लिहून काढतोय, कारण मुलं परदेशी असलेल्या पुष्कळ घरांत हा प्रश्न येणार आहे.

आधी झाड ओळखू

झाड एकच, त्याच्या वस्तू तीन. मादी झाडाचा वाळवलेला फुलोरा म्हणजे गांजा. त्यावरचा चीक, म्हणजे राळ, ती चरस. आणि नुसती पानं वाटून होते ती भांग. नशा आणणाऱ्या द्रव्याला टीएचसी म्हणतात. ते फुलोऱ्यात आणि चिकात भरपूर असतं, पानांत कमी. ‘१५ टक्के टीएचसी’ म्हणजे १०० ग्रॅम मालात १५ ग्रॅम हे द्रव्य. दारूच्या बाटलीवर जसं अल्कोहोलचं प्रमाण छापलेलं असतं, तसंच हे.

क्लबाची कल्पना निघाली कुठून?

स्पेनमधून, आणि तीही एका साध्या अडचणीतून. तिथल्या कायद्यात स्वतःपुरतं, खासगी जागेत सेवन करणं हा फौजदारी गुन्हा नाही. विकणं मात्र गुन्हा आहे. आता माणसाने आणायचं कुठून? खाणं गुन्हा नाही पण धान्य विकणारा तुरुंगात, अशी ही गत. मग खाणाऱ्याने एकतर चोरबाजारात जायचं, नाहीतर स्वतः पेरायचं.

१९९३ साली बार्सिलोनातल्या एका संघटनेने सरकारी वकिलांना सरळ पत्र लिहून विचारलं: आम्ही सज्ञान माणसं, स्वतः ओढतो, स्वतःपुरतं एकत्र पेरलं तर तो गुन्हा होईल का? उत्तर आलं की तत्त्वतः गुन्हा नाही. त्यांनी सुमारे शंभर सभासदांसाठी उघडपणे लागवड केली. पोलिसांनी ती उपटून नेली. खालच्या न्यायालयाने त्यांना सोडलं, सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली दोषी ठरवलं. त्याच वर्षी बास्क प्रांतात दुसऱ्या एका गटाने तसंच पेरलं आणि पीक घरी नेलं, त्यांच्यावर खटला झाला नाही. त्या फटीतून पुढे शेकडो क्लब उगवले.

कोकणातल्या वाचकाला ही कल्पना एका शब्दात कळेल: सावड. आज सगळे मिळून तुझं शेत लावू, उद्या माझं. मजुरीचा व्यवहार नाही, नफा नाही. इथे फक्त शेत एकच असतं आणि पीक वाटून घ्यायचं असतं. वर्गणी काढायची, जागा भाड्याने घ्यायची, पेरायचं, आणि आलेलं पीक आपापसांत ‘ना नफा ना तोटा’ वाटायचं. बाहेरच्याला एक पानही द्यायचं नाही. विक्री झालीच नाही, सगळ्यांच्या मालकीचं होतं ते सगळ्यांनी घेतलं, हा या सगळ्याचा कायदेशीर पाया आहे.

बार्सिलोनात काय बिघडलं

सावड टिकते कधी? माणसं एकमेकांना ओळखतात तोवर. बार्सिलोनातल्या क्लबांचा मूळ रिवाज तसाच होता. जुन्या सभासदाने हमी दिल्याशिवाय नवा आत येत नसे. ‘मी आधीपासून ओढतो’ असं लिहून द्यावं लागे आणि महिन्याला किती लागेल याचा अंदाज नोंदवावा लागे, कारण त्या अंदाजावरच पुढची लागवड ठरे. आत सोफे, टेबलं, कॉफी. लोक तिथेच बसून ओढत, गप्पा मारत. हे बंद दाराआड असणं महत्त्वाचं होतं. न्यायालयांनी ‘सामायिक सेवना’ला जी सूट दिली होती ती याच अटींवर: माणसं मोजकी आणि ओळखीची, जागा बंद, माल थोडा, पैसा कमावणं नाही.

मग शहरात येणाऱ्या पर्यटकांची नजर या क्लबांवर गेली. ला रांब्ला या प्रसिद्ध रस्त्यावर दलाल उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला क्लबात न्यायला लागले. दहा मिनिटांत कार्ड हातात. ज्या माणसाचं विमान परवा सुटणार आहे तो कुठल्या शेताचा वाटेकरी? नावाला सभासद, प्रत्यक्षात गिऱ्हाईक. प्रामाणिक क्लबांचं याने फार नुकसान केलं, आणि मला त्या लोकांबद्दल खरंच वाईट वाटतं. वीस वर्षं कायद्याच्या दारात उभं राहून त्यांनी जी पत मिळवली होती, ती दुसऱ्यांनी खर्च करून टाकली.

२०१५ मध्ये स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने २९० सभासदांच्या एका क्लबच्या प्रकरणात स्पष्ट केलं की कायमस्वरूपी, संघटित आणि नव्या सभासदांना खुली असलेली अशी वाटणी म्हणजे सामायिक सेवन नव्हे, तो गुन्हाच. बार्सिलोना ज्या प्रांतात येतं त्या कातालुन्याच्या विधिमंडळाने २०१७ मध्ये क्लबांसाठी वेगळा कायदा केला, तो २०१८ मध्ये घटनात्मक न्यायालयाने रद्द केला, कारण फौजदारी कायदा हा केंद्राचा विषय. बार्सिलोना महापालिकेचे नियमही २०२१ मध्ये न्यायालयात पडले. क्लब आजही आहेत. पण छापा पडेल की नाही, हे त्यांना सकाळी कुलूप उघडताना माहीत नसतं.

मग जर्मनीने सरळ दुकानंच का उघडली नाहीत?

उघडायचीच होती. २०२२ मधला तिथल्या सरकारचा पहिला आराखडा परवानाधारक दुकानांचाच होता. पण युरोपीय संघाचे नियम आणि १९६१ सालचा आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ करार आडवा आला. सरकारने व्यापाराला परवानगी देणं या करारांत बसत नाही. स्वतःच्या सेवनापुरत्या लागवडीबाबत मात्र देशांना थोडी मोकळीक आहे. म्हणून २०२३ मध्ये दुकानांचा बेत बाजूला ठेवून स्पेनमधली कल्पना उचलली गेली, पण या वेळी कायद्यात नीट लिहून.

हा कायदा १ एप्रिल २०२४ ला लागू झाला. सज्ञान माणसाला बाहेर २५ ग्रॅमपर्यंत बाळगता येतं, घरी ५० ग्रॅम, आणि घरात तीन झाडं लावता येतात. क्लबांचं कलम १ जुलै २०२४ पासून. कायद्यातलं त्यांचं नाव ‘लागवड संघटना’ असं आहे, क्लब हा बोलीतला शब्द. पहिले परवाने लोअर सॅक्सनी राज्यात त्याच जुलैमध्ये मिळाले आणि पहिली काढणी नोव्हेंबरमध्ये सभासदांच्या हातात पडली.

उरुग्वेने हा मार्ग २०१३ मध्येच कायद्याने घेतला होता. तिथे क्लबात १५ ते ४५ सभासद, जास्तीत जास्त ९९ झाडं, आणि माणशी वर्षाला ४८० ग्रॅम. युरोपीय संघात माल्टा २०२१ मध्ये पहिला.

सभासद म्हणजे काय, हे जर्मनांना सांगावं लागत नाही

जर्मनीत नोंदणीकृत मंडळं सहा लाखांहून अधिक आहेत. फुटबॉलचं मंडळ, भाजीपाल्याच्या वाफ्यांचं मंडळ, समूहगानाचं, कबुतरं पाळणाऱ्यांचं. सात माणसं जमली की मंडळ नोंदवता येतं. अध्यक्ष, खजिनदार, वार्षिक सभा, हिशेब, आणि ‘या वर्षी कामाचे तास कुणी भरले नाहीत’ यावरून वाद. आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची सर्वसाधारण सभा बघितलेल्या माणसाला तिथे परकं वाटणार नाही. गांजाचा क्लब या साच्यात ओतला गेला.

नियम असे. सभासद १८ वर्षांवरचा आणि किमान सहा महिने जर्मनीत राहणारा. म्हणजे पर्यटकाला दार बंद, बार्सिलोनाचा धडा इथे गिरवलेला दिसतो. एका क्लबात जास्तीत जास्त ५०० माणसं. एका माणसाला एकच क्लब. सभासदत्व किमान तीन महिन्यांचं. दिवसाला २५ ग्रॅम, महिन्याला ५० ग्रॅम ही कमाल मर्यादा. शाळा, क्रीडांगणं यांपासून क्लब २०० मीटर लांब. जाहिरात पूर्ण बंद.

सगळ्यात महत्त्वाची अट वेगळीच आहे: सभासदाने लागवडीत स्वतः हातभार लावायचा. सगळी लागवड कंत्राटदाराला देऊन वर्गणीदार नुसतेच उभे राहिले, असं चालत नाही.

माझा एक जुना वर्गमित्र हॅनोव्हरच्या बाजूला स्थायिक झालाय आणि अशा एका क्लबचा सभासद आहे. त्याची पाळी शनिवारी असते. लहान कात्रीने फुलोऱ्याभोवतीची बारीक पानं छाटायची, चार तास. तो सांगत होता, चीक हातमोज्यांना असा बसतो की कात्री उघडेना. फणस फोडताना बसतो तसा, आणि निघतोही तसाच, तेलाचं बोट लावून. काढणी वाळली की वाटपाचा दिवस. ओळखपत्र आणि सभासदपत्र दाखवायचं, वजन करायचं, वहीत नोंद. त्याने मला पाकिटाचा फोटो पाठवला. करड्या कागदाचं, चित्र नाही, बोधचिन्ह नाही. सोबत एक पत्रक: वाणाचं नाव, वजन, काढणीची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, टीएचसी किती टक्के, आणि खाली धोक्यांची यादी. आमच्या गावच्या दुकानातली बियाण्याची पिशवी यापेक्षा रंगीत असते.

पोस्टाने मागवता येत नाही, दुसऱ्याला घ्यायला पाठवता येत नाही. आणि गांजा घालून केलेल्या गोळ्या-केक असलं काहीही क्लबात मिळत नाही, फक्त शुद्ध फुलोरा किंवा राळ. तंबाखूत मिसळूनसुद्धा देता येत नाही.

आत मनाई, बाहेर मुभा?

बहिणीला सगळ्यात चमत्कारिक वाटलं ते हे. बार्सिलोनात लोक क्लबाच्या आत ओढतात, कारण बाहेर खिशात सापडलं तर ६०१ युरोपासून पुढे दंड. जर्मनीत उलट. क्लबात आणि त्याच्या दारापासून १०० मीटरपर्यंत जे दिसतं त्या टप्प्यात ओढायचं नाही, माल घेऊन घरी जायचं.

कारण दोन्ही देशांचा पाया वेगळा आहे. स्पेनमध्ये सूट आहे ती बंद दाराला. दार उघडलं की सूट गेली. जर्मनीत सूट माणसाला आहे, ठरावीक ग्रॅमपुरती. तिथे क्लब म्हणजे फक्त पिकवण्याची आणि वाटण्याची जागा, आपल्याकडे दूध संघाचं संकलन केंद्र असतं तशी. केंद्रावर कुणी दूध पीत बसत नाही.

याची एक किंमतही आहे. बार्सिलोनात जुना सभासद नव्याला म्हणू शकतो, “आज बस झालं.” जर्मनीत ते पाकीट एकट्याच्या खोलीत उघडलं जातं. प्रत्येक क्लबात व्यसनप्रतिबंधाचं प्रशिक्षण घेतलेला एक माणूस नेमावा लागतो हे खरं, पण समोर बसलेल्या मित्राची जागा तो घेऊ शकेल असं मला वाटत नाही.

पण हे मागच्या दाराने उघडलेलं दुकानच ना?

हा आक्षेप सगळेच घेतात. माझं उत्तर: जास्त खपलं तर कुणाचा फायदा होतो, ते बघा. दुकानदाराला रोज जास्त विकायचं असतं. त्यासाठी तो स्वस्ताईचे फलक लावेल, गोड चवीचं काहीतरी आणेल, पोरांना आवडेल असं वेष्टन करेल. दारू आणि गुटख्याच्या बाबतीत आपण हे डोळ्यांनी बघितलंय. क्लबात शिल्लक राहिली तर ती सभासदांची, तोटा झाला तर वर्गणी वाढते. जास्त ओढणाऱ्या सभासदामुळे कुणी श्रीमंत होत नाही. माणसाला व्यसनात लोटण्यात कुणाचा धंदा नसणं, हे मला या रचनेचं खरं मोल वाटतं. जिथे ही एक गोष्ट सुटते तिथे क्लब दुकान होतो, बार्सिलोनात झाला तसा, मग पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

तरुण पोरांचं काय?

इथे मी कायद्यापेक्षा बहिणीच्या बाजूचा आहे. मेंदूची घडण विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. लहान वयात, वारंवार आणि जास्त टीएचसीचा माल ओढणाऱ्यांत भास-भ्रमाचे गंभीर मानसिक आजार होण्याचा धोका वाढतो. घराण्यात असा आजार असेल तर आणखी. म्हणून १८ ते २१ वयाच्या सभासदाला जर्मन कायद्याने वेगळी मर्यादा घातली आहे: महिन्याला ३० ग्रॅम, आणि जास्तीत जास्त १० टक्के टीएचसीचाच माल. चोरबाजारातला विक्रेता वय विचारत नाही आणि टक्के तर त्यालाही ठाऊक नसतात, हे मान्य. तरीही ३० ग्रॅम महिन्याला म्हणजे रोज एक ग्रॅम. विशीतल्या पोराला ते फार झालं, असंच मी म्हणेन.

चोरबाजार संपला का?

नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये या कायद्याचा पहिला मूल्यमापन अहवाल आला. त्यात क्लबांचा पुरवठ्यातला वाटा अजून नगण्य असल्याचं म्हटलंय. परवान्याचे कागद, कुंपण, छाटणीचे तास, यांना कंटाळून पुष्कळ लोक दुसऱ्या रस्त्याला लागले: ऑनलाइन डॉक्टरची चिठ्ठी घ्यायची आणि औषध म्हणून गांजा मागवायचा. कायदा आला त्या वर्षात औषधी गांजाची आयात दुपटीहून जास्त झाली. बव्हेरियासारख्या राज्याचा तर या कायद्यालाच विरोध होता आणि तिथे अंमलबजावणीही कडक आहे. दुसऱ्या बाजूला, गांजासंबंधीच्या गुन्ह्यांची नोंद खूप घटली. खिशात थोडा गांजा सापडला म्हणून कोर्टाच्या पायऱ्या चढणारी माणसं कमी झाली, हा बदल मी लहान समजत नाही.

आपल्याकडे भांग चालते, मग क्लब का नाही?

१९६१ च्या कराराच्या व्याख्येत फुलोरा आहे, नुसती पानं नाहीत. आपल्या १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीच्या कायद्यातही तेच. म्हणून भांग त्या कायद्याच्या बाहेर राहिली आणि तिचे नियम राज्यांकडे गेले. बनारसला सरकारमान्य भांगेचं दुकान दिसतं ते त्यामुळे. महाराष्ट्रात मात्र दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय भांगही चालत नाही, हे होळीला विसरलं जातं.

गांजाचं म्हणाल तर आपल्याकडे विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. नुसतं सेवन केलं तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्पेनची सगळी गोष्ट ‘स्वतः ओढणं गुन्हा नाही’ इथून सुरू झाली होती. आपल्याकडे ती पहिली पायरीच नाही, तर तिच्यावर क्लब उभा कुठून राहणार?

भाच्याला काय सांगितलं

त्याला मीच फोन केला. रागावलो नाही. चार गोष्टी सांगितल्या.

तू तिथे एक वर्ष राहतोयस, म्हणजे तिथल्या कायद्याने तुला सभासद होता येईल. पण आपल्या एनडीपीएस कायद्याच्या पहिल्याच कलमात लिहिलंय की तो भारताबाहेर असलेल्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे. हे ऐकून तो गप्पच झाला, त्याच्या वर्गात कुणालाच माहीत नव्हतं.

गाडी चालवणार असशील तर रक्तद्रवात मिलीलिटरला ३.५ नॅनोग्रॅम टीएचसी ही मर्यादा, आणि नवा परवाना किंवा २१ च्या आतलं वय असेल तर एवढंसुद्धा चालत नाही. नशा उतरली म्हणजे रक्तातून गेलं असं नसतं. नियमित ओढणाऱ्याच्या रक्तात ते बराच काळ राहतं.

मित्राचं पाकीट मित्राचंच. सभासदाने घेतलेला माल दुसऱ्याला देणं तिथेही बेकायदा आहे, फुकट दिला तरी.

आणि चौथी गोष्ट डिसेंबरच्या सुट्टीची. घरी येताना बॅगेचे सगळे कप्पे, जॅकेटचे खिसे, तंबाखूचा डबा असेल तर तोही, बाहेर काढून झटकायचे. सीमा ओलांडून नेणं जर्मन कायद्यालाही मान्य नाही, मग ती फ्रान्सची असो की मुंबई विमानतळाची. मुंबईत कस्टमच्या माणसाला क्लबचं सभासदपत्र दाखवून उपयोग नाही. त्याच्या समोरच्या पुस्तकात तो माल म्हणजे अमली पदार्थाची आयात आहे.

“मामा, मी अजून नाव घातलेलं नाही,” तो म्हणाला. मी म्हटलं, आईला फोन कर आणि हे एवढंच आधी सांग. तिने दसऱ्यापासून नीट जेवण केलेलं नाही.